लष्करी रुग्णालयातली नर्स नोकरीत का टिकते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बावीस वर्षं मी लष्करी रुग्णालयांत नर्स म्हणून काढली. त्यातली शेवटची सहा वर्षं दुसऱ्यांचे ड्युटी चार्ट लावण्यात गेली. आता निवृत्त आहे, पण प्रश्न येतच असतात. काही नव्याने भरती होणाऱ्या मुलींचे, काही त्यांच्या आईवडिलांचे, आणि अधूनमधून एखाद्या प्रशासकाचे, ज्याच्या टेबलावर एकाच महिन्यात तीन राजीनामे येऊन पडलेले असतात. प्रश्न फिरून फिरून तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. लिहिताना हात सवयीने 'ती' लिहितो. पुरुष नर्स भरपूर आहेत, त्यांनी रागावू नये. त्यांच्यासाठी खाली वेगळा प्रश्नही आहे.

'राहणं' आणि 'राहावंसं वाटणं' यात खरंच फरक आहे का?

आहे, आणि पुढची सगळी उत्तरं या फरकावरच उभी आहेत. नागरी रुग्णालयातल्या नर्सचं मन उडालं तर ती नोटीस देते आणि मोकळी होते. लष्करात शिक्षणाच्या खर्चापोटी बॉण्ड असतो, कमिशनची, म्हणजे अधिकारी म्हणून नेमणुकीची, मुदत असते, आणि राजीनामा दिला तरी तो मंजूर व्हावा लागतो. त्यामुळे हजेरीपटावरून काहीच कळत नाही. शंभर टक्के हजेरी असलेल्या वॉर्डातली निम्मी माणसं मनाने केव्हाच गेलेली असू शकतात.

मायर आणि ॲलन या दोन अभ्यासकांनी १९९१ मध्ये कामाशी असलेल्या बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले. एक, मनापासूनची ओढ. दोन, सोडलं तर नुकसान होईल हा हिशोब. तीन, सोडणं बरोबर नाही ही कर्तव्याची भावना. दुसरी आणि तिसरी लष्कराला आयतीच मिळते: बॉण्ड, पेन्शन, शपथ, ध्वज. पहिली मात्र कोणत्याही आदेशाने मिळत नाही.

माझ्या वॉर्डात एक मुलगी होती. बॉण्ड संपायला किती दिवस उरले तो आकडा ती लॉकरच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहायची, रोज खोडून नवा. काम एकदम चोख. औषधाची वेळ कधी चुकली नाही, एकाही पेशंटची तक्रार नाही. तिच्या वार्षिक अहवालात वरिष्ठांनी 'अत्यंत समर्पित' असा शेरा मारला होता. शेवटच्या दिवशी तिने आकडा खोडला, रबराचा कचरा हाताने झटकला आणि किल्ली मला आणून दिली.

देशप्रेम आणि गणवेशाचा अभिमान यामुळेच त्या टिकतात ना?

येतात त्यामुळे. टिकतात दुसऱ्याच कारणांनी. या दोन गोष्टींची गल्लत करणं ही भरती विभागाची जुनी खोड आहे.

येणाऱ्यांची कारणंसुद्धा कधी एकसारखी नव्हती. नोव्हेंबर १८५४ मध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल ३८ जणींना घेऊन क्रिमियन युद्धातल्या जखमींसाठी तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या बराकीतल्या रुग्णालयात पोचल्या. त्यांतल्या १४ जणी रुग्णालयांत पगारावर काम करणाऱ्या साध्या नर्स होत्या, बाकीच्या धार्मिक संस्थांमधून आलेल्या. म्हणजे पहिल्याच तुकडीत सेवाभाव आणि पोटापाण्याची गरज शेजारी शेजारी बसून बोटीतून आल्या होत्या. आजही तसंच आहे. कुणी घरात सैन्याची परंपरा आहे म्हणून येते, कुणी फी परवडत नाही म्हणून, कुणी पांढऱ्या कोटापेक्षा खांद्यावरच्या फिती आवडल्या म्हणून. तिसऱ्या वर्षी या तिघींना एकाच मापाने मोजावं लागतं, आणि तेव्हा अर्जावर लिहिलेलं कारण कुणालाच आठवत नसतं.

अभिमान खोटा असतो असं मी म्हणत नाही. पेशंटही सैनिक, आपणही सैनिक, यातून एक वेगळीच आपुलकी तयार होते आणि ती शेवटपर्यंत राहते. पण तिच्या भरवशावर माणसं कमी द्यायची, सुट्ट्या कापायच्या आणि वर 'सेवा आहे ही' असं ऐकवायचं, हे फार काळ चालत नाही.

पगार वाढवला तर प्रश्न सुटेल?

कुरकुर थांबेल. मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडलेला विचार इथे बरोबर बसतो. पगार, नियम, कामाची जागा या गोष्टी वाईट असल्या तर माणूस नाराज होतो, पण त्या चांगल्या असल्या म्हणून कामाची गोडी लागत नाही. गोडी लागते ती कामातून, जबाबदारीतून आणि आपल्या कामाची दखल घेतली जाण्यातून. त्यांनी हा अभ्यास अभियंते आणि लेखापालांवर केला होता, पण नर्सिंगच्या अभ्यासकांनी तो सगळ्यात जास्त वापरला असावा.

पगारात बोचते ती तुलना. तोच हुद्दा, तीच वर्षं, आणि शेजारच्या शाखेतल्या अधिकाऱ्याला जादा भत्ता मिळतो. आकडा लहान असला तरी अर्थ मोठा असतो. पेन्शनचं गणित वेगळं. अनेक सैन्यांत वीस वर्षांच्या आसपास पेन्शनचा हक्क लागतो, त्यामुळे अठराव्या वर्षी सोडणारी व्यक्ती मी पाहिलेली नाही. गळती होते ती आधी, बॉण्ड संपल्यावर आणि पहिल्या-दुसऱ्या मोठ्या बदलीच्या वेळी.

मग सगळ्यात जास्त फरक कशाने पडतो?

दोन गोष्टींनी: वॉर्डची इन-चार्ज आणि ड्युटी चार्ट. मोठमोठ्या धोरणांच्या चर्चेत हे उत्तर फिकं वाटतं, पण माझं मत बदललेलं नाही.

चार्टपासून सुरू करते. नोटीस बोर्डावर चार्ट लागला की त्याच्याभोवती जी गर्दी होते ती पगाराच्या दिवशीही होत नाही. प्रत्येक जण आधी आपलं नाव बघते आणि लगेच शेजारणीचं. आपल्याला नाईट किती आल्या, हे कळायला एक सेकंद लागतो. तिला किती आल्या, हे कळल्यावरच चेहरा बदलतो. पाच नाईट सोसतात. मला पाच आणि तिला दोन, हे सोसत नाही.

चार्ट किमान महिनाभर आधी लागावा. सकाळ, मग दुपार, मग रात्र अशा क्रमाने पाळ्या पुढे सरकाव्यात, कारण शरीराचं घड्याळ पुढे ढकलणं सोपं असतं, मागे खेचणं अवघड. रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावू नये. हे सगळं प्रत्येक नर्सिंग कॉलेजात शिकवतात, आणि माणूस कमी पडलं की सगळ्यात आधी हेच मोडतं.

मी स्वतः मोडलेलं आहे. एका मुलीने बहिणीच्या लग्नासाठी तीन महिने आधी रजा मागितली होती. ऐनवेळी दोघी जणी आजारी पडल्या, मी तिची रजा रद्द करून तिला नाईटला लावलं. तिने वाद घातला नाही. 'येस मॅडम' म्हणाली. लष्करात 'येस मॅडम' हे उत्तर फार फसवं असतं. नागरी रुग्णालयातली मुलगी भांडली असती, रडली असती, मला निदान कळलं तरी असतं. या मुलीने आठ महिन्यांनी मुदतवाढीचा अर्ज भरला नाही. कारण विचारलं तर म्हणाली, 'घरगुती.' माझ्या चार्टमुळेच ती गेली असं सिद्ध करता येणार नाही, पण ती तारीख मला अजून आठवते.

आता इन-चार्ज. चांगली इन-चार्ज म्हणजे गोड बोलणारी बाई नव्हे. राउंडच्या वेळी सगळ्यांसमोर सर्जन तिच्या नर्सवर ओरडला, तर 'सर, हे आपण बाहेर बोलू' एवढं म्हणणारी. चूक झाली तर आधी पेशंटचं बघणारी, मग कागदाचं. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या नर्सिंग अकादमीने, टंचाईच्या काळातही जिथे नर्स येतात आणि टिकतात अशी ४१ रुग्णालयं शोधून काढली. लोहचुंबकासारखी खेचतात म्हणून त्यांना 'मॅग्नेट' नाव पडलं. तिथे काय सापडलं? मुख्य नर्सला भेटता येतं, निर्णयात नर्सला विचारतात, पाळ्या माणसाच्या सोयीने लावता येतात, शिकायला मिळतं. एकही गोष्ट अशी नाही जी लष्करी शिस्तीच्या आड येते. तरी 'सैन्यात हे कसं चालेल' असं म्हणणारे अधिकारी मी डझनाने पाहिले.

माणसं कमी असली की नक्की काय होतं?

लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांचा २००२ सालचा पेनसिल्व्हेनियातला अभ्यास प्रसिद्ध आहे. शस्त्रक्रियेच्या वॉर्डात एका नर्समागे एक पेशंट वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्याचबरोबर नर्स कामाने करपून जाण्याची शक्यता २३ टक्क्यांनी आणि नोकरीवर नाराज असण्याची १५ टक्क्यांनी. ही नागरी रुग्णालयं होती.

लष्करात आणखी एक गोम आहे. कागदावर दहा जणी असतात. एक कोर्सला, एक तपासणीच्या तयारीत, एक परेडच्या सरावाला, एक शारीरिक चाचणीला. वॉर्डात सहा. प्रशासन दहाचा हिशोब धरतं, पेशंट सहाच्या वाट्याला येतात. कुणी 'स्टाफ पुरेसा आहे' म्हटलं की मी विचारते, मंगळवारी दुपारी दोन वाजता किती होत्या?

हुद्दा असणं फायद्याचं की तोट्याचं?

दोन्ही. हुद्दा सहज मिळालेला नाही, हे आधी लक्षात घ्यावं. अमेरिकी सैन्याचं नर्स कोअर, म्हणजे नर्सचं स्वतंत्र दल, १९०१ मध्ये स्थापन झालं तेव्हा नर्सना हुद्दाच नव्हता. १९२० मध्ये 'सापेक्ष हुद्दा' नावाचा प्रकार आला, म्हणजे फिती मिळाल्या पण त्या हुद्द्याचा पूर्ण पगार आणि अधिकार नाही. कायमचं, खरंखुरं कमिशन मिळायला १९४७ उजाडलं. आजच्या मुलीला खांद्यावरच्या ताऱ्यांचं विशेष वाटत नसेल, पण डॉक्टरशी बोलताना ते तारे तिची मान सरळ ठेवतात.

तोटा पेशंटच्या पलंगाशी दिसतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी एक बडे अधिकारी पलंगावरून उठायला निघाले. समोर नव्यानेच रुजू झालेली लेफ्टनंट. ती म्हणाली, 'सर, अजून उठायचं नाही.' ते म्हणाले, 'मला ऑर्डर देतेस?' तिने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मी काहीच बोलले नाही, बाजूला सरकून तिच्या मागे उभी राहिले. ती पुन्हा म्हणाली, 'हो सर. वॉर्डात देते.' ते आडवे झाले. त्या मुलीने पुढे पंधरा वर्षं नोकरी केली. उपचाराच्या बाबतीत वॉर्डात नर्सचा शब्द चालतो, हे ज्या रुग्णालयाचा कमांडंट उघड सांगतो तिथे मुली टिकतात. तो गप्प बसतो तिथे पेशंटचा हुद्दा औषध ठरवायला लागतो.

सततच्या बदल्यांमुळेच लोक जातात का?

पुष्कळदा. २००१ मध्ये मिचेल, ली आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी प्रश्न उलटा केला: माणसं का जातात हे सोडा, का राहतात ते बघा. त्यांच्या मते माणूस नोकरीत रुतलेला असतो तो तीन गोष्टींमुळे: जागा आपल्याला जमते, माणसांशी धागे जुळलेले असतात, आणि सोडलं तर काहीतरी हातचं जाणार असतं. हे तिन्ही नोकरीत असतात तसे राहत्या गावातही असतात.

बदली यातला गावाचा अर्धा भाग दर दोन-तीन वर्षांनी कापून टाकते. मुलाची शाळा, नवऱ्याची किंवा बायकोची नोकरी, म्हाताऱ्या आईचा डॉक्टर. लष्कर त्या बदल्यात स्वतःचे धागे देतं: नव्या ठिकाणी पोचल्यावर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी जुनी ओळखीची निघते, घर मिळतं, मुलांना मैदान मिळतं. एकट्या मुलीला हा सौदा फायद्याचा असतो. घर झालं, मूल झालं की काटा फिरतो. नेमकी तेव्हाच ती कामात सगळ्यात तयार झालेली असते.

बदल्या बंद करता येत नाहीत, ते खरं आहे. पण आदेश शाळेच्या वर्षाच्या मध्यावर येण्याची गरज नसते. जोडीदारही सैन्यात असेल तर दोघांना एका ठिकाणी ठेवता येतं. पसंतीची तीन ठिकाणं विचारून त्यांतलं एकही मिळालं नाही तर का नाही, हे दोन ओळींत कळवता येतं. त्या दोन ओळी सहसा कुणी लिहीत नाही.

एक गंमतही सांगते. बदली हे औषधसुद्धा आहे. नागरी रुग्णालयात वाईट मेट्रन मिळाली की वीस वर्षं सोसावी लागते. आमच्याकडे 'दोन वर्षं काढ, तिची पोस्टिंग येईल' असं म्हणून कितीतरी जणींनी राजीनामा फाडला आहे.

लग्न आणि मूल झाल्यावर नर्स आपणहून नोकरी सोडतात, हे खरं ना?

'आपणहून' या शब्दावर माझा आक्षेप आहे. कित्येक दशकं त्यांना नियमांनीच बाहेर काढलं आणि मग म्हटलं की बायका टिकत नाहीत.

कॅप्टन सुसान स्ट्रक अमेरिकी हवाई दलातल्या नर्स. १९७० मध्ये व्हिएतनाममध्ये नेमणुकीवर असताना त्यांना दिवस गेले. नियम असा की गरोदर अधिकाऱ्याला सेवेतून काढायचं. त्यांना राहायचं होतं. साठवलेल्या रजेत बाळंतपण करते आणि बाळ दत्तक देते, असं त्यांनी सांगितलं, तरी उत्तर नाहीच. त्या कोर्टात गेल्या. त्यांच्या बाजूने लढणाऱ्या वकील होत्या रूथ बेडर गिन्सबर्ग, ज्या पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीश झाल्या. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला ऐकायचं ठरवल्यावर हवाई दलाने माघार घेऊन त्यांना सेवेत ठेवलं. निकाल लागलाच नाही, पण नोकरी राहिली.

भारतातही लष्करी नर्सिंग सेवेतल्या अधिकारी महिलेला लग्न केलं म्हणून काढता येईल असा १९७७ चा नियम होता. तो १९९५ मध्ये मागे घेतला गेला. १९८८ मध्ये त्याच कारणाने काढलेल्या एका नर्सच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये निकाल दिला आणि असा नियम उघड मनमानी असल्याचं म्हटलं. छत्तीस वर्षं! तिला राहावंसं वाटत होतं की नाही, यावर वेगळा अभ्यास करायची गरज नाही.

आज नियम गेले, पण सावली उरली आहे. बाळंतपणाच्या रजेहून परतलेल्या मुलीला पहिल्याच आठवड्यात नाईट लावायची आणि 'सगळ्यांना सारखा नियम' म्हणायचं, हे मी ऐकलं आहे. रात्री चालणारं पाळणाघर नसेल तर रात्रपाळी करणारी आई दोन वर्षांत जाते. पाळणाघराची वेळ सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच ठेवणाऱ्यांनी रुग्णालय कधी आतून पाहिलं आहे का, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

युद्धभूमीवर जाऊन आलेल्या नर्स लवकर सोडतात का?

लोकांना वाटतं, तिथलं पाहून त्या खचतात. काही खचतात, त्यांना मदत लागते आणि ती मिळालीच पाहिजे. पण मी ज्यांच्याशी बोलले त्यांच्यातल्या बऱ्याच जणींची तक्रार भलतीच होती: तिथलं काम संपल्याची.

अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतातल्या कॅम्प बॅस्टियन या ब्रिटिश लष्करी तळावरच्या रुग्णालयात हेलिकॉप्टर उतरलं की रक्तपेढी, सर्जन, भूलतज्ज्ञ, नर्स सगळे आधीच जागेवर उभे असायचे. अशा ठिकाणी नर्सला कुणी 'फक्त नर्स' म्हणत नाही. तिचं निरीक्षण ऐकलं जातं, कारण ऐकायला उशीर झाला तर माणूस जातो. असं सहा महिने जगून परत आलं की समोर येतो चादरींचा हिशोब आणि तपासणीसाठी रंगवलेली ऑक्सिजनची सिलिंडरं. पडझड इथे होते. हातातलं कौशल्य गंजतं आणि ते गंजताना तिला दिसत असतं.

म्हणून शांततेच्या काळातला प्रश्न मोठा आहे. तरुण, धडधाकट सैनिकांच्या रुग्णालयात गुंतागुंतीचे पेशंट कमी येतात. ब्रिटनने १९९० च्या दशकात आपली बहुतेक लष्करी रुग्णालयं बंद करून लष्करी नर्सना नागरी रुग्णालयांत कामाला लावलं. त्यामुळे हात तयार राहतो. पण मग तिला रोज प्रश्न पडतो की गणवेश नेमका कशासाठी, आणि शेजारच्या नागरी नर्ससारखं सरळ एकाच गावात का राहू नये. सोपं उत्तर कुणाकडेच नाही. परत आलेल्या नर्सला निदान वर्षभर तरी अतिदक्षता विभाग, ट्रॉमा किंवा शिकवण्याचं काम द्यावं, स्टोअरचं नको, एवढं मी सांगू शकते.

पेशंटचं पुढे काय झालं हे कळत नाही, याचा त्रास होतो का?

खूप होतो. इराक आणि अफगाणिस्तानातले जखमी अमेरिकी सैनिक जर्मनीतल्या लांडश्टूलच्या लष्करी रुग्णालयात यायचे आणि थोड्याच दिवसांत विमानाने मायदेशी जायचे. नर्सने ज्याचा हात धरून रात्र काढली तो जगला की नाही, चालायला लागला की नाही, तिला कळायचं नाही. शंभर गोष्टी सुरू होतात आणि एकीचाही शेवट कानावर येत नाही.

काही अतिदक्षता विभागांत पेशंटसोबत डायरी ठेवतात. शुद्धीवर नसलेल्या दिवसांत काय काय झालं ते नर्स त्यात साध्या भाषेत लिहिते. डायरी पेशंटसाठी असते, पण लिहिणारीलाही आधार मिळतो. पुढच्या रुग्णालयाने महिन्याने दोन ओळी मागे कळवल्या तर आणखी. आमच्याकडे एकदा एका जवानाने दोन्ही कुबड्या भिंतीला टेकवून उभं राहिलेला स्वतःचा फोटो पाठवला. ड्युटी रूममध्ये तो फोटो चिकटपट्टीने लावला होता. वॉर्ड रंगवायला काढला तेव्हा रंगाऱ्याने तो काढू नये म्हणून रात्रपाळीच्या मुली भांडल्या.

शत्रूच्या जखमींवर उपचार करावे लागतात. त्याने मन उठत नाही?

उपचारात भेदभाव करायचा नाही, गरज बघून क्रम लावायचा, हे जिनिव्हा करारांनी ठरवून दिलेलं आहे. बहुतेक नर्सना ते पटलेलं असतं. त्यांचं मन उठतं ते उलट झालं तर. योग्य काय ते कळतं पण करू दिलं जात नाही, या अवस्थेला तत्त्वज्ञ अँड्र्यू जेमटन यांनी १९८४ मध्ये 'नैतिक क्लेश' म्हटलं, आणि ती कल्पना नर्सिंगच्या संदर्भातच मांडली.

२०१४ मध्ये क्युबातल्या ग्वांटानामो इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात उपोषण करणाऱ्या कैद्यांना नळीने जबरदस्तीने अन्न द्यायला अमेरिकी नौदलातल्या एका नर्सने नकार दिला. कारवाईची टांगती तलवार आली. अमेरिकी नर्सेस असोसिएशन त्या नर्सच्या पाठीशी उभी राहिली आणि अखेरीस नौदलाने सेवेतून काढण्याची कारवाई सोडून दिली. नकार द्यायची वेळ हजारात एखादीवर येते. पण तशी वेळ आली तर आपलं काय होईल, हे बाकीच्या नऊशे नव्याण्णव बघत असतात.

बढती मिळूनही लोक का सोडतात?

कारण बढती म्हणजे पेशंटपासून लांब जाणं. शिडीच तशी उभी केलेली आहे: वॉर्ड, मग ऑफिस, मग मोठं ऑफिस. जिच्या बोटांना अवघड शीर पहिल्या फटक्यात सापडते तिला आपण फायलींवर सह्या करायला बसवतो आणि याला सन्मान म्हणतो. पलंगाशी राहूनही हुद्दा वाढेल अशी वेगळी वाट हवी. काही सैन्यांत विशेषज्ञ नर्सना ती मिळते, पण शेवटचे हुद्दे बहुतेक टेबलामागेच असतात.

पुरुष नर्सचं काय?

अमेरिकी सैन्याच्या नर्स कोअरचं दार पुरुषांना १९५५ मध्ये उघडलं, ब्रिटनच्या क्वीन अलेक्झांड्रा कोअरचं १९९२ मध्ये. भारताच्या लष्करी नर्सिंग सेवेची ओळख अजूनही महिलांची सेवा अशीच आहे. पुरुष नर्सच्या राहण्या-जाण्याची कारणं आमच्यासारखीच. फक्त त्यांना 'तू डॉक्टर का नाही झालास' हे जास्त वेळा ऐकावं लागतं.

पदकं आणि सत्कार यांचा उपयोग होतो?

वेळेवर झाले तर. व्हिएतनाम युद्धात गेलेल्या अमेरिकी स्त्रिया बहुसंख्येने नर्स होत्या. त्यांचं वॉशिंग्टनमधलं स्मारक उभं राहिलं नोव्हेंबर १९९३ मध्ये, युद्ध संपून अठरा वर्षं झाल्यावर, आणि तेही एका माजी लष्करी नर्सने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला म्हणून. रोजच्या कामात पदकापेक्षा राउंडच्या वेळी 'सिस्टर, तुम्हाला काय वाटतं?' असा प्रश्न जास्त कामाचा.

सहकाऱ्यांमुळे माणूस टिकतो, हे कितपत खरं?

शंभर टक्के, पण आपोआप होत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपानने फिलिपीन्स घेतलं तेव्हा, १९४२ मध्ये, ७७ अमेरिकी लष्करी नर्स जपान्यांच्या ताब्यात सापडल्या, ६६ सैन्यातल्या आणि ११ नौदलातल्या. जवळपास तीन वर्षं कैद, शेवटी शेवटी उपासमार. १९४५ मध्ये सुटका झाली तेव्हा सगळ्या ७७ जिवंत होत्या. सैन्यातल्या नर्सच्या प्रमुख मॉड डेव्हिसन यांनी छावणीतही गणवेश आणि पाळ्या चालू ठेवल्या होत्या. ठरलेल्या वेळी ड्युटीवर जायचं, दुसरीकडून हँडओव्हर घ्यायचा. ही मैत्री गप्पांच्या अड्ड्यावर जमलेली नव्हती. आपण गेलो नाही तर तिला सुटका नाही, एवढं कळण्यातून ती आली.

कोण जाणार हे आधी ओळखता येतं का?

मोब्ली या अभ्यासकांनी १९७७ मध्ये मांडलं की नाराजी आणि राजीनामा यांच्यामध्ये बऱ्याच पायऱ्या असतात: सोडण्याचा विचार, दुसरीकडे चाचपणी, तुलना, मग निश्चय. म्हणजे वेळ असतो. माझी खूण साधी होती. जी रोज भांडते, ग्लोव्ह्ज का नाहीत, मॉनिटर कधी दुरुस्त होणार, ती राहणार. हीच मुलगी एक दिवस बिघडलेला मॉनिटर बघून काही न बोलता हाताने नाडी मोजायला लागली की समजायचं, तिने मनाने सामान बांधलं.

पैसा न घालता प्रशासन काय करू शकतं?

जाताना विचारण्यापेक्षा राहत असताना विचारावं. सोडून जाणारीला कागदपत्रांवर सही हवी असते, ती खरं कशाला सांगेल? दोन-तीन वर्षं झालेल्या प्रत्येकीला, तिच्या थेट वरिष्ठ नसलेल्या कुणीतरी, एकच विचारावं: गेल्या महिन्यात घरी जाताना बरं वाटलं असा दिवस कुठला? दिवस सांगता आला तर त्यात काय होतं ते वाढवावं. सांगता आला नाही तर फाइल बाजूला ठेवून तिच्याशी बोलावं. आणि चार्ट वेळेवर लावावा.

मीच राहू की सोडू या विचारात आहे. काय करू?

नाईट संपवून आल्यावर ठरवू नका. झोप काढा, जेवा, मग एका कागदावर लिहा: मला कंटाळा आला आहे तो या वॉर्डचा, या ठिकाणाचा, या वरिष्ठांचा, की नर्सिंगचा? पहिल्या तिन्हींवर लष्करात उपाय आहेत, थोडा वेळ लागतो. चौथं असेल तर ते या नोकरीपुरतं नाही, बाहेर पडूनही सोबत येईल. मी असा कागद नवव्या वर्षी लिहिला होता. त्यावर एका वरिष्ठांचं नाव आलं. चार महिन्यांनी त्यांची बदली झाली आणि मी आणखी तेरा वर्षं राहिले.